बोटीखालची बैलगाडी

सिद्धेश्वर धरण भरत आलं की आमच्या तांड्याकडे येणारा रपटा, ती सिमेंटची ठेंगणी वाट, पाण्याखाली जातो. मग आमचे पुरुष थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ये-जा करतात. मासे धरायला तोच तराफा, दळण आणायलाही तोच. मागच्या पावसाळ्यात माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला त्यावर कोण बसवणार होतं? आम्ही काठावर उभं राहून पलीकडच्या रस्त्यावर थांबलेली ॲम्ब्युलन्स बघत राहिलो. ती दिसत होती, हेच सगळ्यात वाईट. लेकरू गेलं.

यंदा वहिनीला पुन्हा दिवस राहिले आणि मी पुन्हा पत्रकं छापली. पूल द्या, नाहीतर बोट द्या. भाषा कडक होती, मला तीच येते. तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनी पत्रकाची न वाचताच घडी घातली.

"बोट आहे की. मागं उभी आहे. ट्रॉली नादुरुस्त आहे, तुम्ही नीट करून घेऊन जा."

मागं खरंच होती. ट्रॉलीची चाकं मातीत रुतलेली, लोखंडाचे पापुद्रे बोटानं निघत होते. पुरात माणसं वाचवायला आलेली बोट, आणि तिच्यावर शिपायाची बनियन वाळत होती! मला एवढा संताप आला की रडूच आलं. नीट करणं आमचं काम? पण वहिनीचं पोट दिसायला लागलं होतं, आणि भांडायला वेळ नव्हता.

माझे काका जन्मभर बैलगाड्या बांधत आले. त्यांना घेऊन मी औंढ्याच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे ट्रॉली ओढत नेली. कुजलेलं लोखंड कापून नवे अँगल जोडले, बेअरिंग बदलले, कुठून कुठून जुने टायर मिळवले. चाकांचा आस पुन्हा बसवायची वेळ आली तेव्हा काका अडले.

"कोण्या येड्यानं बसवला हा? इतका मागं! सगळा भार पुढं मानेवर येऊन राहिला."

वेल्डिंगवाला हसला. "काका, ही बोटीची ट्राली हाये. हिला कुठं मान?"

"भार तो भारच ना? का बोटीचा येगळा असतो? आस मधी घे."

त्यानं घेतला. आमच्यात गाडीची पारख अशीच करतात: माल भरायचा आणि दांडी उचलून बघायची. बैलाच्या मानेला भार जाणवता कामा नये. बोट चढवली, मागं तिचं बंद पडलेलं इंजिन होतंच, आणि काकांनी दांडी एका बोटावर उचलून दाखवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

ज्या दिवशी ट्रॅक्टरला जोडून निघालो, त्याच दिवशी वरून पाणी आलं. वाटेतच भावाचा फोन. वहिनीला पंधरवड्यानं माहेरी न्यायचं होतं, दिवस भरले नव्हते.

"रपटा गेला. हिला कळा येऊन राहिल्या. कुठं हायेस तू?"

"आलो, आलो," मी ओरडले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, पळवा."

त्यानं उतारावर पळवला. आणि मागची ट्रॉली शेपटासारखी हलू लागली. इकडून तिकडं, मग आणखी जोरात. पुढून दाबायला वजनच नव्हतं तिला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, पुढची कडी तुटली आणि ट्रॉली बाजूच्या शेतात जाऊन थांबली. दोरांनी बांधलेली बोट जागेवरच होती. पण कडीच नाही, तर ट्रॅक्टर ओढणार कशानं?

मी काकांवर तुटून पडले. "मानेचा भार! मान कुणाची होती, काका? ट्रॅक्टरची?"

शेतात एकजण बैल चारत होता, काका त्याच्याकडे गेले. हात जोडलेले दिसले. बैलजोडी घेऊन आले, दांडी जुवाला दोरानं बांधली आणि म्हणाले, "चल."

ट्रॉली अगदी सरळ चालली. बैल मात्र बैलाच्याच चालीनं, आणि रिकामा ट्रॅक्टर पाठीमागून. फोन वाजत होता, मी उचलत नव्हते. काय ऐकायला मिळेल? मी मागून ढकलत होते, उपयोग नव्हता तरी. मागच्या वर्षीची ॲम्ब्युलन्स पुन्हा डोळ्यांसमोर, आणि या वेळी काठावर पोचायचं होतं ते मला.

पाण्यापाशी आलो तेव्हा भाऊ तराफ्यावरून अलीकडे येऊन थांबला होता. बोट ढकलली. वल्ही मारत तो गेला, वहिनीला घेऊन आला. ती तोंडात पदर कोंबून पडली होती. ॲम्ब्युलन्स आली नाही. त्याच ट्रॅक्टरवर, मांडीवर डोकं घेऊन मी तिला दवाखान्यात नेलं.

पोरगी झाली. जिवंत.

पाणी उतरल्यावर कचेरीची जीप आली. साहेबांनी बोट परत मागवली होती. दुरुस्त झाली, मग सरकारी आवारात शोभणारच. तुटलेली कडी वेल्ड करून, ट्रॉली जीपला जोडून ते निघाले. पहिल्या वळणाच्या आत ती हलू लागली. जीपचा ड्रायव्हर उतरला, घाम पुसत.

"ही न्यायची कशी?"

"बैलं आणा," काका म्हणाले.

"द्या मग तुमची."

तांड्यात कुणीच जागचं हललं नाही. वहिनी लेकरू काखेत घेऊन पुढं झाली. "साहेबाला सांगा, बोट न्यायचीच हाये तर आधी पूल आणून ठिवा."

जीप रिकामी गेली. पूल नाही. इंजिन बंदच आहे. बोटीवर ताडपत्री टाकलीय आणि तांड्यातल्या आणखी एकीला सहावा लागलाय. काका रोज चाकाला वंगण घालतात, आणि मी नवं पत्रक लिहीत बसलेय. शब्द सापडत नाहीत. मागचेच छापीन.