पट्टी नसलेला डाव

आई लोकांच्या घरी भाकऱ्या थापायला जायची, तेव्हा आमच्या भाजीत एक चमचा तेल पडे. पाहुणा आला तरी एकच. मला त्या चमच्याचा राग यायचा. पुढे मी घरातला पहिला पदवीधर झालो, हे अभिमानानेच सांगतो. आणि फोनवर पोकर, म्हणजे पैसे लावून पत्ते, खेळायला लागलो. त्यात पडद्यावर एक पट्टी असते. अंगठ्याने टोकापर्यंत सरकवली की जवळचं सगळं एका डावावर लागतं. समोरचा घाबरून पत्ते टाकतो, डाव सोडतो. नाही टाकले आणि आपले पत्ते हलके निघाले, तर आपण संपतो. मी बऱ्याचदा संपलो, पगारासकट.

म्हणून आज दुपारी पोकरमधलाच मर्यादेचा खेळ घेतला. त्यात पट्टीच नाही. ठरलेली रक्कम लावायची, तेवढीच वाढवायची. पत्ते फालतू असताना मी नेहमीसारखं भारी पत्ते असल्याचं अवसान आणलं. पण एवढ्याशा रकमेला कोण घाबरतं? सगळे शेवटपर्यंत थांबले आणि मी हरलो. पुन्हा तेच केलं, पुन्हा हरलो.

"काय रे, रिकाम्या जागी अंगठा काय घासतोस?" मेथी निवडता निवडता आईने विचारलं.

"पट्टी शोधतोय."

"नसेल तर नसेल. शिकलेला ना तू?"

अंगठा खरंच जुन्या जागी फिरत होता. खेळ बदलला, पण तो काही बदलायचा नाही. इथेही मी हरणारच, फक्त सावकाश. हे सुटेल असं मला वाटत नाही.

आईने कढईत तेल घातलं. आता डबा भरलेला असतो, तरी एकच चमचा. मी फोन पालथा ठेवला. आज मी हरलो, पण सगळं हरलो नाही.