चोवीस तासांचा कॅन

१४ डिसेंबर. सकाळी आठ वाजता कागलजवळच्या एका गावातून लघवीचा कॅन उचलायचा होता.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करते. खेड्यातल्या बायकांच्या पोटात रोज किती मीठ जाते आणि त्याचा रक्तदाबाशी काय संबंध, हा माझा विषय. नुसते विचारून ते कळत नाही. आमच्याकडे ठेचा, लोणचे, पापड यांना कोणी खाण्यात धरतच नाही. पण खाल्लेले बहुतेक मीठ लघवीतून बाहेर पडते. म्हणून सकाळची पहिली वेळ सोडून द्यायची आणि तिथपासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या वेळेपर्यंतची सगळी लघवी कॅनमध्ये साठवायची. मधली एक जरी वेळ चुकली तरी नमुना बाद. बायका चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

त्या दिवशीचा कॅन गावात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा होता. सगळे त्यांना भाभी म्हणतात, मीही म्हणायचे. त्यांची ही दुसरी खेप. आधीच्या आठवड्यात त्या बाजाराला गेल्या आणि एक वेळ तिकडेच झाली. त्यांनी आपणहून सांगितले होते. मी मात्र वर्गात बोलते तशी बोलले, "एवढं साधं जमलं नाही, भाभी? सगळं वाया गेलं की. आता या वेळी काही झालं तरी घर सोडायचं नाही."

"नापास केलासा मला," असे म्हणून त्या हसल्या होत्या. मीही हसले. पण माझा आवाज चढला होता, हे मला तेव्हाही कळले होते.

मी पोचले तेव्हा भाभी ठेवणीतली साडी नेसून उंबऱ्यात बसल्या होत्या. शेजारी भरलेली पिशवी. कॅन मोरीत जुन्या ओढणीखाली झाकून ठेवला होता. उचलला तो जड लागला आणि मला बरे वाटले. ढवळून मापात ओतला, डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचला.

"एकही वेळ चुकली नाही ना?"

"न्हाय. रात्री बी न्हाय."

"मग एकदम पास!"

"झालं न्हवं? जाऊ मग?"

"कुठे?"

"जयसिंगपूरला. लेक बाळंत झाली रात्री. पोरगी हाय."

मला आधी नीट उमगलेच नाही. "कळा कधी सुरू झाल्या?"

"काल दुपारी फोन आलता जावयाचा."

"मग तुम्ही इथे काय करत होता?"

"तुमचंच काम करत हुतो की!"

लेकीचे पहिले बाळंतपण इथेच, माहेरी झाले होते. दुसरे सासरी. भाभींचे मालक टेम्पो घेऊन गोव्याकडे गेलेले. फोन आला तेव्हा त्यांनी पिशवी भरली आणि कॅनकडे बघून परत खाली ठेवली. जावई म्हणाला होता, अजून वेळ आहे. त्यांना वाटले, सकाळपर्यंत निभेल.

"अहो, कॅन सोबत न्यायचा!" मी म्हणाले.

"व्हय की. लेकीच्या सासरी मुताचा कॅन घिऊन जातो. पेढं म्हणून ठेवतो म्होरं."

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "मॅडम, मी कालच म्हटलं हिला, ओत त्यात तांब्याभर पानी आन् जा. ऐकंल तर शपथ!"

हे बोलणे चालू असताना माझे हात थांबले नव्हते. मी कुपी भरली, चिठ्ठी चिकटवली, बर्फाच्या डब्यात ठेवली. मग म्हणाले, "बसा स्कूटीवर मागं. मी सोडते."

कागलहून जयसिंगपूरला हुपरी-इचलकरंजीवरून सरळ जाता येते. मी वळसा घालून कोल्हापूरवरून गेले. कुपी वेळेत तिथल्या प्रयोगशाळेत द्यायची होती. दारात स्कूटी थांबवून भाभींना सांगितले, "दोन मिनिटं." आत रांग होती. बाहेर आले तेव्हा त्या पिशवी पोटाशी धरून फुटपाथवर उभ्या होत्या.

"उशीर झाला, भाभी."

"असू द्या. त्यासाठीच बसलो हुतो न्हवं. आता ते तरी नीट जाऊ द्या."

दवाखान्यात लेक कुशीवर पडली होती, बाळ शेजारी. विहीणबाई चहा आणायला खाली गेल्या होत्या. मायलेकी एरवी आपसात हिंदी मिसळून बोलतात. पण मी ऐकावे म्हणून असेल, लेक शुद्ध कोल्हापुरीत बोलली.

"आलीस? झालं तुझं भरून?"

भाभी बाळाकडे वळल्या. लेक माझ्याकडे.

"तुम्हीच मिठाच्या मॅडम?"

"हो."

"किती निघालं मीठ?"

"अजून रिपोर्ट यायचाय."

"रातभर सासूचा हात धरून वरडलो मी. नखं लागली तिला. आता मरंस्तवर काढंल ती, 'तुझी आई आली न्हाई, मी हुतो.' काय बोलू मी तिला? लघवी साठवत हुती म्हणू?"

भाभी म्हणाल्या, "मॅडमना नको बोलू. मी कबूल केलतं."

"तूच तर केलंस कबूल. मग तुला न्हाय तर कुनाला बोलू?"

मी माफी मागितली. "बरं," एवढेच ती म्हणाली, आणि बाळाचे टोपडे सारखे करू लागली. विहीणबाई चहा घेऊन वर आल्या. त्यांच्या उजव्या मनगटावर ओरखडे होते. त्यांनी भाभींना बसायला खुर्ची दिली आणि त्याच हाताने चहा पुढे केला.

संध्याकाळी गाईडना फोन केला. हा नमुना काढून टाकावा का, असे विचारले.

"का? अपुरा आहे?"

"नाही. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला आहे."

"मग काढायचा कशासाठी?"

काढला असता तर भाभींचे थांबणे फुकट गेले असते. ठेवला, तर त्या थांबल्या याचा फायदा मला. मी ठेवला. माझ्या सूचनांच्या कागदावर थोडी लघवी सांडली तर काय करायचे, पाळी आली तर काय, जुलाब लागले तर काय, सगळे लिहिले आहे. घरचे बोलावणे आले तर काय, हे नव्हते. मी पंचवीस वर्षे नर्स आहे. बाळंतपणाला आई वेळेत न पोचलेल्या मुली मी खंडीभर पाहिल्या आहेत. मला ते सुचायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात पुढच्या घरी गेले. ऊसतोडीच्या हंगामामुळे त्या बाईंना घाई होती. कॅन हातात देण्याआधी मी सांगितले, "मधे घरी काही झालं, कुणाचा फोन आला, तर हे मोरीत ओतायचं आणि जायचं. मला विचारत बसायचं नाही."

"ओतायचंच असंल तर आनलासा कशाला?" त्या म्हणाल्या.

"तेवढं लक्षात ठेवा," म्हणून मी तेच पुन्हा एकदा सांगितले, त्यांच्याकडून म्हणवून घेतले, आणि मग कॅन दिला.