पासवर्ड न विचारणारा दरवाजा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरवाला म्हणजे मी एकटा. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सगळ्यांची मेल, बैठकांच्या वेळा, ड्रॉइंग, दरपत्रकं, सगळं एकाच सर्व्हरवर. खंडेनवमीला सकाळी सॉफ्टवेअरवाल्यांचा इशारा आला की ब्राउझरमध्ये मेलच्या पानाचा पत्ता जरा वेगळा टाईप केला तर पासवर्ड न विचारता, अगदी कारखान्याबाहेरूनही, कुणाचीही मेल उघडते. मी करून पाहिलं. खरेदी विभागातल्या बाईंची अख्खी मेल झटक्यात समोर!

पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारी दुरुस्ती, सोबतच आली होती. वीस मिनिटांचं काम. पण त्यासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला हवा होता, आणि फोरमनकाकांनी लेथ, ड्रिलिंग मशिनबरोबर त्याचीही पूजा उरकलेली. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. "पूजा झालेल्या यंत्राला हात लावायचा नाही," काका गुरकावले. "दसरा झाला की कर काय ते." मी भांडायला हवं होतं. पण खरं सांगतो, मलाही घरी पळायचं होतं. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय, म्हटलं, आणि पेढा तोंडात टाकून निघालो.

कोसळलंच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं की आमचे टेंडरचे दर दुसऱ्या कारखान्याला गेलेत, आणि तेही बाईंच्या मेलवरून, दसऱ्याच्या दुपारी. साहेबांनी बाईंना संध्याकाळपर्यंत राजीनामा मागितला. नाहीतर पोलीस. बाई धावत माझ्याकडे आल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच पगारावर. "दादा, दसऱ्याला मी घरातून हललेसुद्धा नाही हो. तुम्ही तरी सांगा ना साहेबांना!"

"सांगतो. आधी हे बंद करतो," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. आणखी कुणाची मेल जाईल या धास्तीनं माझं डोकंच चालेना. पॅच टाकायला घेतला तर डिस्क भरलेली. शिव्या घालत, जे जुनं दिसेल ते पुसत सुटलो. कोण कधी कुठून आत आलं याच्या नोंदीही त्यात गेल्या. पॅच बसला, सर्व्हर चालू झाला. मग बाईंना घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो.

"साहेब, बाईंनी नाही पाठवलं. पासवर्डशिवाय कुणीही आत शिरू शकत होतं."

"दाखव."

मी तो वेगळा पत्ता टाईप केला. समोर पासवर्डची चौकट. पुन्हा केला. पुन्हा चौकट.

"आत्ताच बुजवलं, साहेब. तासाभरापूर्वीपर्यंत उघडत होतं, आईशप्पथ!"

"मग नोंदी दाखव. दसऱ्याला बाहेरून कोण आलं होतं?"

नोंदी तर मीच सकाळी पुसल्या होत्या. हात जोडले, गयावया केली, इशाऱ्याचा छापील कागद पुढे केला. साहेबांनी तो वरवर वाचला. "भोक होतं म्हणून त्यातून कुणी आलंच, असं कशावरून?" म्हणाले आणि कागद टेबलावर टाकला.

बाईंनी तो उचलला. वरची तारीख वाचली.

"दादा, तुम्हाला नवमीलाच माहीत होतं?"

"हो."

त्यांनी साहेबांच्या टेबलावरचं पेन घेतलं आणि तिथे टाईप करून ठेवलेल्या राजीनाम्यावर सही केली.