निळ्या फौजेची शेवटची लढाई

शिरीषचा निरोप आमच्या खेळाच्या गटावर आला तेव्हा मी नागपुरात ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडत होते. मिलिंदची शेवटची लढाई दोन आठवड्यांनी रविवारी कर्वेनगरला, त्याचे सैनिक ज्यांच्याकडे असतील त्यांनी घेऊन यावं, मिलिंदचे बाबाही येणार आहेत. मिलिंद पावसाळ्यात गेला, डेंग्यूनं, चार दिवसांत. तेव्हा मला रजा मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर मी ती नीट मागितलीच नव्हती. या वेळी मागितली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, परग्रहावरचे किडे, गंजके यंत्रमानव. ते रंगवायचे, टेबलावर टेपनं मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून लढाई करायची. आमचे नियम चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाच्या झेरॉक्सवरचे, आणि शहरं शाम्पूच्या बाटल्या नि अंड्यांच्या ट्रेची. मी हिंजवडीत नोकरीला होते तेव्हा सहा वर्षं माझे सगळे रविवार या टेबलावर गेले. घरचे विचारायचे, लग्नाचं काय? मी म्हणायचे, रविवारी वेळ नसतो.

आमच्या गटाचे दोन रिवाज आहेत. कुणी वारलं की त्याच्या फौजेची एक शेवटची लढाई खेळून निरोप द्यायचा. आणि पुणं सोडून जाणाऱ्यानं आपली अर्धी फौज इथे कुणापाशी तरी ठेवायची आणि त्याची अर्धी आपल्याबरोबर न्यायची. सात वर्षांपूर्वी मी नागपूरला परत गेले तेव्हा माझे हिरवे किडे मिलिंदकडे राहिले आणि त्याचे बावीस निळे यंत्रमानव माझ्याकडे आले. ते इतकी वर्षं कपाटात बुटाच्या खोक्यात पडून होते. बाहेर काढले तर निळा रंग ठिकठिकाणी उडालेला, कडांना धूळ चिकटलेली. मला लाज वाटली. अशा अवतारात यांना निरोपाला कसं न्यायचं? जखमेवर लावतात ते पिवळसर जंतुनाशक बरणीत ओतलं आणि बावीसच्या बावीस त्यात बुडवले. दोन दिवसांनी जुन्या ब्रशनं बरणीतच घासले तसा रंग सालासारखा सुटून आला. मग चार संध्याकाळी बसून नवा निळा दिला, कडांना चंदेरी रेघ, डोळ्यांना लाल ठिपका. आयुष्यात इतकं सुबक काम मी केलेलं नव्हतं.

नागपूरहून पुण्याला जाणार असाल तर रात्रीची गाडी बरी, सकाळी पोचवते. सुटीच्या दिवसांत तिकीट महिनाभर आधी काढा. मला वरचा बर्थ मिळाला. खोकं उशाशी घेऊन झोपले. पुणे स्टेशनवरून आता मेट्रो आहे. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की मंडईला उतरता येतं. बाहेर आल्यावर पोह्यांची प्लेट खाल्ली, चहा घेतला. पोहे कोरडे होते. मी तसं म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "ओले हवे असतील तर तसं आधी सांगायचं." सात वर्षांत पुणं बदललं म्हणतात, पण मला काही तसं वाटलं नाही.

तिथून चालत कसबा पेठेत गेले. आमचे सगळे सैनिक तिथल्या एका कारागिरानं ओतलेले. मूळ धंदा देवांचे टाक आणि लहान मूर्ती करण्याचा, पण आमचे किडेही तो त्याच गांभीर्यानं ओतायचा. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की ते मुलाकडे राहायला गेले, गुडघ्यांनी बसवत नाही, आणि साचे भंगारवाला घेऊन गेला. मी बराच वेळ त्या कुलपासमोर उभी राहिले. म्हणजे आता यांच्यासारखे पुन्हा होणार नाहीत, एवढं मला कळलं आणि हातातलं खोकं मी जरा घट्ट धरलं.

कर्वेनगरला रिक्षानं गेले. मीटरवर आला म्हणून रिक्षावाल्याचे आभार मानले, तर तो म्हणाला, मग कशावर येणार? सोसायटीच्या त्या हॉलमध्ये पूर्वी आम्ही पंधरा-सोळा जण असायचो. रविवारी सहा होते. शिरीष आमच्यातला सगळ्यात जुना, चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. त्यानं मला पाहून मान हलवली आणि पुन्हा अंड्यांच्या ट्रेचे डोंगर मांडायला लागला.

मिलिंदचे बाबा भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर पत्र्याचा डबा. मी जवळ जाऊन जय भीम म्हटलं. त्यांनी जय भीम म्हणून शेजारची खुर्ची पुढे ओढली. खडकीच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. या खेळातलं त्यांना काहीही कळत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण घरी त्यांनी काचेचं एक छोटं कपाट करून घेतलं होतं. मिलिंदची सगळी फौज त्यात एकत्र ठेवायची होती. अर्धी घरी होती आणि बाकीची अर्धी आज नागपूरहून येणार होती.

मग त्यांनी तो निळा रंग कुठला ते सांगितलं. वस्तीतल्या विहाराचं फाटक त्यांनी स्वतः रंगवलं होतं, मिलिंद बारावीत असताना. डब्याच्या तळाशी रंग उरला, तो मिलिंदनं मागून घेतला आणि वर्षानुवर्षं पुरवून वापरला. डबा केव्हाच संपला. फाटकही पुढे बदललं, आता लोखंडी आहे, तपकिरी.

मी खोकं मांडीवर ओढून घेतलं. तेवढ्यात त्यांनी पत्र्याचा डबा उघडून माझ्यापुढे केला. कापसात माझे हिरवे किडे होते. माझे अगदी सुरुवातीचे, ओघळलेल्या रंगाचे, एकाचा डोळा कपाळावर गेलेला. एकाचा पाय मोडला होता, तो मिलिंदनं जोडलेला दिसत होता. सांध्यावर सरसाची पिवळी रेघ तशीच सोडली होती, वरून रंग लावला नव्हता. दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही, असं आमच्यात कुणी कुणाला सांगितलेलं नाही, कारण तशी वेळच कुणी आणली नव्हती. ती मी आणली.

मी बुटाचं खोकं उघडलं. बाबांनी एक यंत्रमानव उचलला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला, खाली ठेवला. दुसरा उचलला, मग तिसरा. शिरीष टेबल सोडून आला. त्याला बघताक्षणी कळलं, त्यानं माझ्याकडे पाहणं टाळलं.

"यातले मिलिंदच्या हातचे कुठले?" बाबांनी विचारलं.

"एकही नाही, बाबा. मी रंग काढून टाकला. छान दिसावेत म्हणून."

त्यांनी हातातला यंत्रमानव खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं."

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

लढाई झाली. आमच्यात गेलेल्या माणसाची फौज कुणी हरवत नाही, सहा फेऱ्या खेळून थांबायचं. निळ्यांचे फासे बाबांनी टाकले. शिरीष त्यांना आकडे समजावून सांगत होता. एका बाजूला बाबांनी घरून आणलेले मिलिंदचे मळके, टवके उडालेले निळे उभे होते आणि त्यांच्या शेजारी माझे बावीस चकचकीत. कुणाला काही सांगावं लागलं नाही. संपल्यावर बाबांनी आपले सैनिक डब्यात भरले आणि माझे माझ्या खोक्यात ठेवले, एकेक करून, नीट. माझे किडेही मला परत दिले.

नागपुरात परतून आठवडा झाला. तुम्ही अशा निरोपाला जाणार असाल तर एकच सांगते, जे जसं आहे तसं न्या. गॅलरीत ती बरणी अजून होती. जंतुनाशक वर निवळलं होतं आणि तळाशी निळसर राखाडी गाळ बसला होता. मी तो फडक्यातून गाळला, वर्तमानपत्रावर वाळवला. चिमूटभर पूड निघाली. तिच्यात धूळ किती आणि फाटकाचा रंग किती, सांगता येत नाही. काल धीर करून बाबांना फोन लावला. हे असं असं उरलंय, तुमच्या कपाटात ठेवायला पाठवू का, म्हणून विचारलं.

"राहू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले. "आमच्याकडे अर्धी फौज आहे. तुझ्याकडे आता त्याचं दुसरं काय आहे?"