आडव्या किका

शनिवारी दुपारी फुटबॉल बघायला आमचं गाव मैदानाच्या कडेने गाड्या लावून आतच बसतं. थंडीत बाहेर कोण उभं राहणार? आपला गोल झाला की सगळे हॉर्न वाजवतात. आमच्या फुटबॉलमध्ये बॉल पायाने मारतात तसा हातात झेलतातही. नोरीन ट्रेगेलासची पांढरी गाडी कायम उत्तरेकडच्या गोलच्या खांबांपाशी असायची. शेजारी नवरा लान्स असायचा; बाहेरगावचे सामनेही दोघं चुकवायचे नाहीत. तो गेल्यापासून ती एकटीच येते.

मी क्लबच्या कँटीनमध्ये सूप विकते. मध्यंतरात नोरीन यायची आणि सूप राहायचं बाजूला.

"आयरिस, बघतेस ना? पुन्हा आडवी किक! पुढे जायचं सोडून एकमेकांनाच बॉल देत बसलेत. अरे, लांब मारा की गोलसमोर!"

"आल्या बघा आमच्या दुसऱ्या कोच," रांगेतलं कुणीतरी म्हणायचं. सगळे हसायचे, तीही हसायची. पण गाडीकडे परतताना तिचा उतरलेला चेहरा मी पाहिला आहे.

लान्सला बचावाचा खेळ आवडायचा, हिला हल्ल्याचा. दोघांचं भांडण आठवडाभर पुरायचं. आता ती रविवारी पर्थला मुलाला फोन करून हेच सांगायची. डॅरिल खाणीत कामाला. एके काळी आमच्यासाठी सगळ्यात जास्त गोल त्यानेच मारलेले. "आई, अजून तेच?" तो म्हणायचा. मग हीटर दुरुस्त केलास का विचारायचा आणि फोन ठेवायचा.

जुलैत, ऐन हिवाळ्यात, आम्ही एकामागून एक सामने हरत गेलो. एका शनिवारी सामना संपल्यावर नोरीन तडक कोचसमोर जाऊन उभी राहिली. ग्लेन पेचेल आमचा कोच, एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. मी कँटीनचं शटर ओढत होते.

"ग्लेन, पोरांना लांब किक का मारू देत नाहीस? घाबरतोस कशाला?"

ग्लेन दमलेला होता. "मारायची कुणाकडे, नोरीन? गोलसमोर उडी घेऊन बॉल धरणारा उंच माणूस लागतो. आहे कोण? एक शिकायला मेलबर्नला गेला, एक बायकोच्या गावी. तुमचा डॅरिल पर्थला. लांब मारली की बॉल त्यांच्या हातात, आणि लगेच आमच्या अंगावर. आपल्याकडे ठेवला तर निदान थोडक्यात हरतो."

"आणि शिर्मरांचा तो उंच पोरगा?"

"त्यांनी शेत विकलं की. ईस्टरलाच गेले."

"मला कुणी बोललं नाही."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

पुढच्या शनिवारी रांगेतल्या एकाने तिला डिवचलं, "काय कोच, आज कुणाचं चुकलं?"

"कुणाचं नाही. बरोबर खेळतायत," नोरीन म्हणाली आणि सूप घेऊन निघाली. कुणाला हसायला काही उरलं नाही.

मला राहवलं नाही. कँटीन दुसरीवर सोपवून मी तिच्या गाडीत जाऊन बसले. "ग्लेन फार भित्रा आहे बाई," मुद्दामच म्हणाले.

"नाही गं. करणार काय तो?"

एवढंच. मला खेळातलं फारसं कळत नाही, त्यामुळे वाद पुढे रेटताही येईना. आम्ही काचेतून बघत राहिलो. त्या दिवशीही हरलो. गाड्या एकेक करून निघून गेल्या.

"पुढचा सामना बाहेरगावी आहे ना?" ती म्हणाली. "मी नाही जाणार बहुतेक."

आणि ती गेली नाही.