न सापडलेला रफू

माझी बायको रफूचं काम करते आणि खुसपटं काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. गेल्या वर्षी जुन्या हवेलीतला रेशमी पडदा तिच्याकडे आला. उंदरांनी त्याला वीतभर भगदाड पाडलं होतं. पडद्याच्याच दुमडीतले धागे काढून चार महिने ती ते भरत होती. परवा आम्ही दोघं तो बघायला तिकीट काढून गेलो.

गाईड म्हणाला, "दोनशे वर्षांचा पडदा, पण एक धागा निघालेला नाही!"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिने चिमटा काढला. मग रफू शोधायला मी पडद्याला नाक लावलं, तर रखवालदार खेकसला, "काका, लांब व्हा!"

"अरे, हिने चार महिने मांडीवर घेतला होता तो!" मीही खेकसलो.

बाहेर बागेत कारंज्यापाशी बसल्यावर मी हळूच विचारलं, "कुठे होता गं रफू? मला काही सापडला नाही."

तिने पाय लांब केले आणि म्हणाली, "हेच तुमच्या तोंडून ऐकायला तुम्हाला इथवर आणलं."