टाकीमावशी

नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत सगळ्यात आधी उरलेलं पाणी 'शिळं' म्हणून ओतून दिलं जाई. टाकीमावशींचा जीव कळवळायचा. "पाणी काय भाकर हाय का, शिळं व्हायला?" असं ओरडत त्या बादली घेऊन यायच्या आणि आमचं शिळं पाणी खुशाल आपल्या घरी न्यायच्या.

मावशी पिशोरकडच्या, दुष्काळ बघतच वाढलेल्या. शहर चहूबाजूंनी फुगत होतं, नळ मात्र आठवड्यातून एकदा यायचा. मावशींच्या अंगणात टाक्या, जिन्याखाली पिंपं, माळ्यावर मेणबत्त्या आणि सातूचं पीठ. आम्ही खूप हसायचो. पण पाणी संपलं की घागर घेऊन थेट त्यांच्याकडेच जायचो. विचारलेलं त्यांना खपायचं नाही. "इचारती काय? परकी हायेस का?"

त्या सुमारास टीव्हीवर संकटात तगून राहणाऱ्यांचे कार्यक्रम जोरात होते. कुणी जंगलात किडे खातंय, कुणी तळघरात धान्य दडवून बंदूक घेऊन बसलंय. आम्ही तोंडात बोटं घालून बघायचो. तसल्याच एका कार्यक्रमाची मंडळी मावशींकडे आली. अंधार करून, टाक्यांमध्ये बसवून त्यांना बोलतं केलं. मावशी हरखल्या. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी चिवडा करून अख्खी गल्ली घरी बोलावली.

भीतीदायक संगीत वाजलं आणि पडद्यावरच्या मावशी म्हणाल्या, "कुणाला पाणी देणार नाय."

"अगं, 'असं म्हणणारा माणूस कसला,' हे पुढं बोलले व्हते मी! तेवढंच कापलं मेल्यांनी!" मावशी काकुळतीला आल्या. बायका चहा अर्धा टाकून उठल्या. इतकी वर्षं त्यांचं पाणी प्यालेल्या माणसांना टीव्हीतलं खरं वाटलं, याचा मला आजही राग येतो.

त्याच उन्हाळ्यात मोठी पाइपलाइन फुटली. लोक टँकरमागे धावले, मावशींकडे कुणी फिरकलं नाही. त्या दिवसभर दाराशी वाट बघत बसायच्या. शेवटी त्यांनी माणूस बोलावून अंगणाचं फाटकच उचकटून टाकलं. ते बघून मला राहवेना. घागर घेऊन मी गेले.

"लई वाट बघायला लावली गं," एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या. संध्याकाळपर्यंत अंगणात रांग लागली होती.

मावशी गेल्या त्याही पुढे अशाच एका भर उन्हाळ्यात. नळ कधीचे कोरडे होते. शेवटच्या अंघोळीसाठी त्यांची मुलगी टाकीकडे निघाली, तर बायकांनी तिला थांबवलं. प्रत्येक घरातून एकेक कळशी येत होती.